एकोणिसावा गडी

“दादा, टाय?”

रणजित इंगवलेनं बाकावर बसल्या बसल्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गळ्यात मरून टाय, त्यावर पिवळा रेनकोट, खाली गुडघ्यापर्यंतचे गमबूट. “वरनं लगीन आन् खालनं भातलावण. वहिनींनी सोडलं कसं घरातनं?”

“तुझ्या वहिनीनंच गाठ बांधून दिलीय. तू तुझे पाय गरम ठेव.”

“कशाला? मला काय आज आत सोडत न्हाईत. डग साहेब हिकडं बघतबी न्हाई.”

“बघेल.”

“तुम्ही सांगा की जरा. तुमचं ऐकतोय त्यो.”

माझं कुणी ऐकतं, असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. मी टायची गाठ उगाच वर सरकवली.

कॅरानूक हे व्हिक्टोरियातलं गाव तसं लहान. दुधाची एक फॅक्टरी, दोन पब, एक मैदान. माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा मतं जास्त. मी त्या फॅक्टरीत हिशेबनीस म्हणून गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिघांनी विचारलं, “तू कुठल्या टीमचा?” देव कुठला, जात कुठली, हे तिथं कुणी विचारत नाही. टीम विचारतात. मी सातारचा. कबड्डी सोडून कुठल्या खेळाच्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. पण माणूस कुठं उभा राहिला की मोजला जातो हे मला आधी कळतं. मी क्लबात गेलो आणि काम मागितलं.

त्यांचा फुटबॉल म्हणजे अंड्याच्या आकाराचा चेंडू, अंड्याच्याच आकाराचं मैदान, आणि प्रत्येक बाजूला अठरा गडी. चेंडू हातात घ्यायचा, लाथेनं मारायचा, अंगावर पडायचं, उठायचं. बाकावर चार राखीव. एक बाहेर आला की एक आत, दिवसभर. ही ये-जा होते त्या जागी मैदानाच्या कडेला दोन नारिंगी शंकू ठेवलेले असतात, त्याला गेट म्हणतात. त्या गेटवर मी होतो. पद्धत मीच पाडली होती: बाहेर येणारा रेषेच्या अलीकडे आला, की आत जाणाऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, “जा.” हात पडल्याशिवाय कुणी हलायचं नाही. खाटीक असो की बँकेचा मॅनेजर, माझ्या हाताची वाट बघत वाकून उभा राहायचा. सातारच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

टायचं कारण वेगळं होतं. गुरुवारी क्लबचा अध्यक्ष कॉलिन टेट माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, “शनिवारी मॅचनंतर पुढच्या रांगेत बस, मॅडी. आणि टाय घाल.” माधवचं त्यांनी मॅडी केलं होतं. क्लबच्या हॉलमध्ये एक लाकडी पाटी होती, आजीव सदस्यांची. सोनेरी अक्षरांत शंभर वर्षांची नावं, सगळी त्यांचीच. शुक्रवारी मी मुद्दाम डोकावलो, तर पाटीच्या शेवटच्या ओळीवर स्वयंपाकघरातलं फडकं टाचलेलं. मी हिशेबाचा माणूस. झाकलेल्या ओळीची लांबी नजरेनं मोजली. माधव पेठे बसेल एवढी होती.

“तुला नाव लावून घ्यायला त्यांचीच पाटी लागते का?” वसुधानं विचारलं होतं. “आपल्या दारावर आहे की.”

“दारावरचं मीच लावलंय.”

त्यावर ती हसली, आणि शनिवारी सगळ्या क्लबसाठी बटाटेवडे करायला स्वतःहून गेली.

रणजितलाही मीच आणला होता. कोल्हापूरचा. तिथं तालमीच्या टीममध्ये आपला गोल चेंडूचा फुटबॉल खेळलेला, फॅक्टरीत बॉयलरवर नोकरीला आलेला. पहिले काही महिने आमच्याच घरी राहिला. वसुधाच्या हातचा पांढरा रस्सा पिऊन “कोल्हापूरचा न्हाई, पण चालंल” म्हणायचा आणि तिसरी वाटी घ्यायचा. चपळ होता. त्याची एक सवय होती: मैदानात उतरताना रेषेपाशी वाकायचा, जमिनीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग पळायचा. पहिल्यांदा सगळे हसले. मग त्यांना ते आवडलं. समोरच्या गावांतले लोकसुद्धा ओळखायला लागले, “तो नमस्कार करणारा आला.”

आणि डग हॅनरहॅन. कोच. फॅक्टरीत शिफ्टचा प्रमुख. कुणाला कुठली पाळी, कुणाला कायम करायचं, सगळं त्याच्या हातात, आणि रणजित त्याच्या हाताखाली. डगच्या तोंडचा ‘मेट’, म्हणजे दोस्त, हा शब्द पावतीसारखा होता. हातावर ठेवला की व्यवहार संपला.

त्या शनिवारची मॅच लाँग स्वॉम्पशी होती. जिंकणारा पुढं बाद फेरीत जाणार, आणि कॅरानूक तिथं कित्येक वर्षांत पोचलं नव्हतं. आठवडाभर पाऊस. मैदानाचा मधला भाग तर म्हशी बसवाव्यात असा झालेला. पहिल्या दहा मिनिटांत जर्सीचे रंग गेले, मग नंबर गेले, मग चेहरे. ओळखायचं तर चालीवरून. चेंडू साबणाच्या वडीसारखा हातातून निसटत होता. एकानं लाथ मारली तर चेंडू जागेवर राहिला आणि बूट गेला. पण शेवटच्या पावतासात आम्ही पुढं होतो. थोडेच, पण पुढं.

“मॅडी!” डग ओरडला. “टॉवेल! चेंडू धरताच येत नाहीये ह्यांना.”

“गेट?”

“मी आहे ना इथं. जा, मेट.”

मी बाकाकडं वळून म्हणालो, “मी येईपर्यंत कुणी हलायचं नाही.” रणजितनं रेनकोटातून अंगठा वर केला.

हॉलच्या मागं स्वयंपाकघर. वसुधा कढईपाशी, केस घट्ट बांधलेले, समोर वड्यांचा डोंगर. टॉवेल हीटरवर वाळत घातलेले होते.

“तू इथं कसा? तुझं गेट कोण सांभाळतंय?”

“डगनं पाठवलंय.”

“म्हणजे डग सांभाळतोय.” तिनं कोरडे टॉवेल गोळा करून माझ्या हातांवर रचले, बाहेर आलेलं टायचं टोक परत रेनकोटात खोचलं. “हे तरी जप. संध्याकाळी लागणार आहे.”

मी टॉवेलचा भारा घेऊन कोपऱ्यावरून वळलो, तेव्हा मैदान गप्प होतं. खेळ थांबलेला. लाँग स्वॉम्पचा कप्तान पंचासमोर हात वर करून उभा होता.

“मोजणी,” तो म्हणाला. “मला मोजणी पाहिजे.”

त्या खेळात हा एक जुना नियम आहे. समोरच्यांचे गडी जास्त आहेत असा संशय आला, की कप्तानानं मोजणी मागायची. सगळा खेळ थांबतो, गडी मैदानाच्या मध्ये रांगेत उभे राहतात, पंच एकेकाला मोजत जातो. अठरा भरले तर मागणाऱ्याची फजिती. एक जरी जास्त निघाला, तर त्या बाजूनं तोवर केलेले सगळे गुण पुसले जातात. सगळे. म्हणून मोजणी सहसा कुणी मागत नाही. आयुष्यभर खेळलेल्या म्हाताऱ्यांनी ती पाहिलेली नसते.

आमचे लोक रांगेत उभे राहिले. चिखलाचे पुतळे. पंच हळूहळू चालत एकेकाच्या खांद्याला बोट लावत होता. मी टॉवेल छातीशी धरून त्याच्या बोटाबरोबर मनात मोजत होतो. रांगेच्या शेवटी एक गडी होता, त्याची जर्सी स्वच्छ. पिवळे पट्टे लखलखीत, पाठीवरचा नंबर वाचता येईल असा. कपाळावर तेवढा चिखलाचा एक टिळा.

पंचाचं बोट त्याच्यापाशी थांबलं. “एकोणीस.”

लाँग स्वॉम्पचा कप्तान हसला नाही. “तुमचा तो नमस्कार करणारा आत जाताना दिसला,” तो म्हणाला. “बाहेर येताना कुणी दिसलं नाही. म्हणून विचारलं.”

फळ्यावरचा आमचा आकडा उतरवून तिथं शून्य लावलं. उरलेल्या वेळात आमच्या पोरांनी जीव खाऊन एक गोल केला. त्याला अर्थ नव्हता.

“डग, रणजितला कुणी आत सोडलं?” मी बाकापाशी विचारलं.

“नंतर बोलू, मेट,” डग मैदानाकडं बघत म्हणाला.

हॉलमध्ये वडे गार होत होते. मी पुढच्या रांगेत बसलो होतो, कारण तसं सांगितलं होतं. टाय कोरडा होता. फडकं पाटीवर तसंच होतं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. कॉलिन टेटनं अगदी हळू आवाजात विचारलं, “हे झालं कसं?”

“मॅडीकडं गेट होतं,” डग म्हणाला. तेही हळूच. “पाऊस, चिखल. कुणाचीही चूक होऊ शकते.”

“मी इथं नव्हतो,” मी म्हणालो. “तूच टॉवेल आणायला पाठवलंस.”

“ते आधी, मेट. तू परत आला होतास.”

“मी परत आलो तेव्हा मोजणी मागून झाली होती!”

“तोवर तो माझ्यासमोर उभा होता,” वसुधा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात झारा तसाच. “मी माझ्या हातानं टॉवेल दिले.”

कॉलिन तिच्याकडं बघून हसला. फार प्रेमळ हसला. “बायको आहेस. तू असंच म्हणणार, आणि म्हणायलाच पाहिजे.” दोघातिघांनी मान हलवली. तिची साक्ष तिच्याच वड्यांबरोबर बाजूला सरकवली गेली.

मग त्यानं रणजितला विचारलं. रणजित भिंतीपाशी उभा होता, अंघोळ करून, केस ओले, कपाळ स्वच्छ. मी निवांत झालो. आता मिटलं, असं मला खरोखर वाटलं. इतकी वर्षं माणसं तोलण्यात गेली, पण माझ्या घरात जेवलेला माणूस मी कधी तोलला नव्हता.

रणजितनं डगकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. बुटांकडं पाहिलं.

“मॅडीनं पाठीवर हात ठेवला,” तो इंग्रजीत म्हणाला. “म्हणून मी गेलो.”

“झालं तर,” कॉलिन म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस. खेळ आहे.” मग सगळे उठले, वडे घेतले, वसुधाला छान झालेत म्हणाले. फडक्याकडं कुणी गेलं नाही. त्या गर्दीत मी टाय सोडला आणि खिशात कोंबला.

दुसऱ्या दिवशी रणजित घरी आला. क्लबात राहिलेला वड्यांचा मोठा डबा घासूनपुसून परत आणला होता. दारातच उभा राहिला.

“या म्हणायचं का?” वसुधानं मला विचारलं, त्याच्या देखत.

“ये,” मी म्हणालो.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. “दादा, ग्लेनच्या पोटरीत गोळा आला. आडवा पडला गडी चिखलात. डग साहेबाला वाटलं, आता त्यो बाहेर येतोय. मला म्हणला, जा, जा. मी पळालो की आत. तवर ग्लेन उठून पळाय लागला. मला काय ठावं?”

“जाण्यात तुझी काही चूक नाही. मी जाण्याबद्दल विचारतच नाहीये.”

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला.

“कुणी पाठवलं, हे का नाही सांगितलंस?”

“काल मॅच झाल्यावर डग साहेब मला शेडमागं भेटला. म्हणला, कोचचं नाव आलं तर कोच जाईल. पुढच्या म्हैन्यात तुझं कायमचं काम बघायचंय, ते मग कोण बघणार?” त्यानं हात चोळले. “म्हणला, मॅडीला कोण काय करत न्हाई. मॅडी सगळ्यांना आवडतोय.”

“आणि तुला पटलं.”

“तसं न्हाई ओ.” मग त्यानं वर पाहिलं आणि अगदी मनापासून, समजावणीच्या सुरात म्हणाला, “पर दादा, तुमचं काय जातंय? नोकरी हाय, घर हाय. तुम्ही खेळतबी न्हाई.”

मी जमेच्या बाजूला काय काय धरून ठेवलं होतं, ते त्यानं एका वाक्यात शून्य करून दाखवलं. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हतं.

“झाकलेल्या ओळीवर कुणाचं नाव होतं, माहीत होतं तुला?” मी विचारलं.

“क्लबात सगळ्यास्नी ठावं हुतं,” तो म्हणाला. “म्हंजे आता न्हाई तर पुढच्या साली करतील की.”

तो गेल्यावर वसुधानं डबा उघडला. रिकामा डबा परत देऊ नये, हे तो कोल्हापुरातून शिकून आला होता. आत पाव भागापर्यंत साखर भरलेली होती. तिनं ती सिंकमध्ये ओतली आणि सगळी विरघळेपर्यंत नळ चालू ठेवला.

पुढच्या साली कुणी काही केलं नाही. त्याच्या पुढच्या साली मी मेलबर्नला नोकरी घेतली. गेट दुसऱ्याला दिलं. मला निरोपाला क्लबचा मफलर मिळाला.

मग बरीच वर्षं गेली, आणि एक दिवस फोन आला.

“दादा! मला आजीव सदस्य करायलेत! तुम्ही आल्याबिगर घेणारच न्हाई म्हटलंय मी.”

“तू जा,” वसुधा म्हणाली. “मला वडे करायला लावू नका म्हणजे झालं.”

मी गेलो. का गेलो, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. कदाचित वाटलं असेल की तो काही बोलेल. इतकी वर्षं झाली, डगला आता त्याची गरज नाही, त्याला डगची नाही. फॅक्टरीत डगच्या जागेवर आता रणजितच होता. एखादं वाक्य. तेवढंच.

हॉल तोच. पाटी तीच. शेवटच्या ओळीवर, तेव्हा फडकं होतं तिथंच, सोनेरी अक्षरांत आर. इंगवले. त्या जागेचं लाकूड बाकीच्यापेक्षा जरा फिकं होतं, खरवडून परत पॉलिश केल्यासारखं. रणजितला पोट सुटलं होतं, ब्लेझर अंगावर ताणलेला. मला मिठी मारली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. खरंच आले. डग काठी घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. “मॅडी, मेट!” त्यानं हाक मारली.

रणजित भाषणाला उभा राहिला. इंग्रजी आता त्याची लोण्यासारखी झाली होती.

“तुम्हाला सगळ्यांना एकच मॅच आठवते, माहीत आहे मला,” तो म्हणाला, आणि हॉल आधीच हसायला लागला. “मी नवा. मला काय कळतंय! मॅडीनं पाठीवर हात ठेवला, म्हणाला जा. आमच्यात मोठ्या माणसानं जा म्हटलं की का विचारायचं नसतं. मी नमस्कार केला आणि गेलो. एकोणिसावा!”

लोक टेबलं बडवत होते. डग काठी आपटत होता, हसून हसून त्याला खोकला आला.

“तो हात नसता, तर मी ह्या गावाला कधीच आठवलो नसतो,” रणजित म्हणाला. “तो हात आज इथं आहे. मॅडी, वर ये! दाखव ह्यांना!”

“मॅडी! मॅडी!” सगळा हॉल ओरडत होता. माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. नको म्हणायला जागा नव्हती. प्रेमानं बोलावत होते.

मी स्टेजवर चढलो. रणजित माझ्याकडं पाठ करून उभा राहिला, गुडघ्यात वाकून, तेव्हा गेटवर उभा राहायचा तसा. वाकून त्यानं स्टेजला हात लावला, कपाळाला लावला. टाळ्या. मी त्याच्या ब्लेझरवर तळहात ठेवला. खाली पाठ गरम होती.

त्यानं मान थोडी वळवली आणि हलक्या आवाजात विचारलं, “दादा, त्या दिशी हितंच ठेवला हुता न्हवं? का जरा वर?”

मी त्याच्या डोळ्यांत थट्टा शोधली. नव्हती. तो नीट आठवायचा प्रयत्न करत होता. मराठीत विचारत होता, आणि त्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. तिथं खोटं बोलून दाखवायला त्याला कुणीच नव्हतं.

“जरा वर,” मी म्हणालो, आणि हात सरकवला.

हॉल श्वास रोखून बसला होता.

“जा,” मी म्हणालो.